भोपळ्यातला बख्शी

बाबा गेले त्या सकाळीही लाव्याला दाणे मीच घातले.

अंगणात बायका जमल्या होत्या, रडण्याला सूर लागला होता. माझे थोरले भाऊ सोबिर अका कोकंदहून निघाले होते, त्यांची गाडी अजून वाटेत होती. आणि मी चुलीमागे बसून राळे निवडत होते. "बघा बाई," कुणीतरी पुटपुटलं, "बाप अजून घरात आहे आणि लेक पाखराला जेवू घालतेय." मी ऐकलं. पण त्या मुठीएवढ्या जिवाला कुठे ठाऊक होतं कोण गेलं ते? त्याची वेळ झाली होती. भोपळ्याच्या आत दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, असा तो घुटमळत होता आणि मान वाकडी करून बघत होता, नेहमीचा हात अजून आला कसा नाही.

आमच्या मर्गिलानमध्ये दर दोन गल्ल्यांआड कुणी ना कुणी लावा पाळतो. पुरुषांचा नाद. लाव्याचं घर म्हणजे वाळवलेला भोपळा, वरून कापलेला, आणि तोंडावर मऊ सुती जाळी. लोखंडी पिंजरा त्याला चालत नाही. कारण लावा घाबरला की उडत नाही, उसळतो. सरळ वर, धनुष्यातून सुटल्यासारखा. डोक्यावर कापड असलं तर परत खाली येतो. कठीण काही असलं तर टाळू फुटते.

बाबांच्या लाव्याचं नाव बख्शी. दुतार मांडीवर घेऊन रात्र रात्र कथागीतं गाणाऱ्याला आम्ही बख्शी म्हणतो. आमचा हा शाहीर पहाटे गायचा. उजाडायच्या आधी बाबा भोपळा उचलून बाहेरच्या तुतीच्या फांदीला अडकवायचे. आधी तो घसा साफ करायचा, "वव्वाक्, वव्वाक्", आणि मग एकदम स्वच्छ, पाण्यात खडा पडावा तशी त्याची हाक यायची, "पित-बिल्दिक!" पाटाच्या पलीकडे चायखाना आहे. तिथले म्हातारे पेले खाली ठेवून एका सुरात मोजायचे, "एक! दोन! तीन!" घसा खाकरणं मोजत नाहीत, पुरी हाक तेवढीच मोजायची, असा त्यांचा दंडक. एका दमात अकरा गेल्या त्या दिवशी बाबांनी सगळ्या चायखान्याला चहा पाजला होता. मी भिंतीच्या अलीकडे अंथरुणात पडून ऐकत असायचे. बाईने चायखान्यात बसायची रीत आमच्याकडे नाही. पण कान भिंत ओलांडून जातात, त्यांना कोण अडवणार.

दुपारच्या चहानंतर बाबा अंगणातल्या लाकडी तख्तावर बसून त्याला हातात घ्यायचे. कुरवाळायचे नाहीत, नुसतं धरायचे. उजव्या तळव्यावर त्याचं पोट, बोटांच्या फटीतून खाली सोडलेले पाय, आणि डावा हात वरून छपरासारखा. रोज एक तास. थंडीत त्याला चपानच्या, म्हणजे अंगातल्या रुईच्या झग्याच्या, लांब बाहीत घेऊन हिंडायचे. रानातून धरलेला पक्षी असा महिनोन्‌महिने धरावा, तेव्हा तो माणसाचा होतो, आणि चार दिवस धरणं चुकलं की परत रानाचा होतो. धरताना ते गुणगुणायचे:

पाखरा रे पाखरा, हातामध्ये तुझं घर
बोटांच्या या कुडाला नाही कडी, नाही दार

मला कळू लागल्यापासून बाबांच्या हातात लावा आहे. एक गेला की दुसरा, सगळ्यांचं नाव बख्शी. मी लहान असताना त्यांच्याबरोबर बाजारात जायचे ते त्यांची बाही धरून. हात मोकळा नसायचा.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. संध्याकाळी निरोपाची वेळ झाली. आमच्याकडे मुलगी उंबरा ओलांडते त्याआधी बाप तिच्यासमोर दोन्ही तळवे उघडे धरून दुआ करतो, मग ते तळवे आपल्या तोंडावरून फिरवतो, की बायका निरोपाचं गाणं धरतात आणि मुलगी निघते. मी पदर पुढे ओढून दारात उभी. बायका थांबलेल्या, डफ थांबलेला. बाबा नाहीत. कुणीतरी आत पळत गेलं आणि परत आलं. "लाव्याला झाकतायत. म्हणाले, तुम्ही उरका." शेवटी माझ्या चुलत्यांनी हात उघडले. पदराआडून मला फक्त त्यांच्या बोटांवरचे हिरव्या तंबाखूचे डाग दिसले.

सहा वर्षांनी, मूल नाही म्हणून, नमनगानच्या त्या घराने मला परत पाठवलं. बाबांनी दार उघडलं. हातात लावा होता. "आत ये," म्हणाले, "चहा झालाय." त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. एकवीस वर्षं एका छपराखाली राहिलो. मी अतलसच्या, रंगीत रेशमी कापडाच्या, कारखान्यात ताण्याला गाठी बांधते. रंग कुठे चढायचा आणि कुठे नाही, ते त्या गाठींनी ठरतं. तेच आमच्या घरातही झालं होतं. एक जागा बांधून ठेवलेली होती. तिथे रंग कधी चढलाच नाही.

जर्दाळू पिकले तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, "जुमरद, ह्याला हातात घेत जा."

"बाबा, मला नाही जमायचं."

"जमायचं काय त्यात? मूठ मिटायची नाही, एवढंच."

चाळीस दिवस मी त्याला हात लावला नाही. बाकी सगळं केलं. राळे भिजवणं, अंड्याचा बलक किसणं, दर शुक्रवारी धुळीत लोळायला ताजी वाळू चाळून आणणं, भोपळा कडुलिंबासारख्या कडू पाल्याच्या पाण्याने पुसणं, जाळीला कुठे उसवलंय का बघणं. बाजारातला दाणेवाला म्हणायचा, "आपा, नवऱ्यालासुद्धा कुणी इतकं निवडून वाढत नाही." दिवस नसतो लाव्याला सुट्टीचा. ईद असो, ताप असो, कारखान्यात रात्रपाळी लागो. मैत्रीण म्हणाली, चल, अर्सलनबोबला दोन दिवस अक्रोडाच्या रानात जाऊन येऊ. माझ्या मनात पहिलं आलं ते पाणी. त्याच्या वाटीतलं पाणी. मग मला माझाच राग आला.

पण बख्शी गप्प होता. भोपळा तुतीला टांगला तरी हाक नाही, घसा खाकरणंसुद्धा नाही. पलीकडचे म्हातारे पहिले काही दिवस वाट बघत बसले, मग आपापसात बोलू लागले. हळूहळू चायखान्याची सकाळ त्याच्यावाचून सुरू व्हायला लागली.

एक्केचाळिसाव्या दिवशी मी खोलीचं दार लावलं, बाबांचं चपान घातलं आणि जाळी सोडली. हात आत घालताच तो सुटला. कपाटावर, कपाटावरून रजयांच्या ढिगावर, तिथून पलंगाखाली. मी पोटावर झोपून, चपान धुळीत लोळवत, "ये रे राजा, ये रे चोरा" म्हणत अर्धा तास त्याच्यामागे. शेवटी तो बाबांच्या जुन्या बुटात सापडला. मी धरला, तो माझ्या हातावर शिटला, आणि मला हसू फुटलं. थांबेचना.

भिंतीपलीकडून करोमत खाला ओरडल्या. आमच्या शेजारच्या, जीभ तिखट आणि मन लोण्याचं. "कोण आलंय गं, जुमरद?"

"कुणी नाही, खाला."

"मग हसतेस कुणाशी?"

मी हळूच बसले. तळवा खाली, तळवा वर. माझ्या बोटांना दोऱ्याने घट्टे पडलेत, त्याला ते टोचले असतील. पण चपानच्या बाहीला अजून बाबांच्या तंबाखूचा वास होता. थोड्या वेळाने त्याने अंग सैल सोडलं. आणि मग मला त्याचं काळीज लागलं. हृदय म्हणवत नाही त्याला, इतकं लहान. कुणी आतून नखाने दार वाजवावं, तसं.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. त्या दिवसापूर्वी कधी एक तास कुणी माझ्या हातात राहिलं होतं, ते मला आठवेना.

सप्टेंबरात सोबिर अका आले. त्यांच्या मुलीचं, शहोदतचं, लग्न ठरलं होतं. जर्दाळूच्या बिया फोडता फोडता म्हणाले, "लग्नाला ये, आणि नंतर तिथेच राहा. पोरगी गेली की तिची खोली रिकामीच. एकट्या बाईने एवढ्या घरात राहायचं म्हणजे लोक मलाच बोलतात."

"आणि बख्शी?"

"कुणाला तरी देऊन टाक."

"तुमच्याकडे अंगण आहे की."

"माझ्याकडे मांजर पण आहे. आणि बायको पण आहे." ते हसले, मग हसू गिळून म्हणाले, "जुमरद, आमचं सगळं लहानपण त्या भोपळ्याने खाल्लं. आता तुझं म्हातारपण पण त्याला वाढणार आहेस का?"

ते चुकीचं बोलत नव्हते. म्हणून मी चायखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन तुर्दिअली अकांना बोलावून घेतलं. बाबांचे जुने जोडीदार, लाव्यांतले पंच.

"दोन दिवस सांभाळता का, अका? तोवर मी ठरवते."

त्यांनी मान हलवली. "दोन दिवसांसाठी नको. दोन हात झाले की पाखरू कुणाचंच राहत नाही. द्यायचा तर कायमचा दे, मी गोठ्यातल्या वासरासारखा जपेन. नाहीतर देऊ नकोस."

"मग करोमत खाला दाणे घालतील. हात नाही लावणार."

"दाण्यांचं काही नाही गं. पण दिवस बघ कुठले आहेत." त्यांनी वर बोट केलं. "रानातले लावे निघालेत दक्षिणेला. आपल्याला ऐकू येत नाहीत, ह्याला येतात. ह्या दिवसांत तो उसळणार. जाळी तेवढी बघून जा."

मी जाळी दुहेरी केली. शहोदतला फोनवर सांगितलं, येते, दोन रात्री राहते. तिचा आवाज एकदम लहान झाला. "आत्या, निरोपापर्यंत थांबशील ना? अम्मी सारखी कामात असणार. माझ्याजवळ तू उभी राहा. शपथ घे."

"शपथ," मी म्हणाले. लहानपणी ती दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायची. माझ्या कुशीत झोपलेलं ते एकच मूल. आणि निरोपाच्या दारात कुणाची तरी वाट बघत उभं राहणं काय असतं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मनाशी पक्कं केलं होतं. हे दोन दिवस नीट गेले, तर परत येऊन बख्शीला तुर्दिअली अकांच्या हातात द्यायचा, घराला कुलूप लावायचं आणि कोकंदला जायचं. ज्याच्यापायी बापाला मुलीच्या दारापर्यंत येता आलं नाही, ते ओझं मी वाहणार नव्हते.

शुक्रवारी गेले. अंगणभर माणसं, कढयांत पुलाव, गाजरांचे डोंगर. भावजय मुनव्वरने मला बघताच हातात सुरी दिली. "आलीस बाई! मला वाटलं, पाखराची परवानगी मिळते की नाही." बायका हसल्या. मीही हसले, गाजरं चिरली. मधूनच माझा उजवा हात आपोआप पोकळ व्हायचा. चहाची वेळ झाली की जास्तच.

शनिवारी सकाळी शहोदतच्या केसांच्या वेण्या घालत होते. संध्याकाळी निरोप होता. फोन वाजला. करोमत खाला.

"काळजी करू नकोस हो, एकदम मजेत आहे तुझा शाहीर! काल रात्रभर भोपळ्यात आपटत होता बिचारा. म्हटलं, जागा पुरत नाही त्याला. आमच्या पोपटाचा पिंजरा होता ना माळ्यावर, त्यात घातला. तारेचा, छान मोठा. राजवाडा आहे राजवाडा!"

माझ्या हातातली वेणी सुटली.

"खाला, त्याला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

"बाहेर? हाताने? अगं, भोपळ्याचं तोंड पिंजऱ्याच्या दाराला लावून कसाबसा हुसकला आत. मी नाही बाई हात लावायची. फडफडतं ते काहीतरी, माझ्या काळजाला कापरं भरतं."

"मग तुर्दिअली अकांना बोलवा."

"चायखाना आज बंद. सगळे म्हातारे पलीकडच्या गावात जेवायला गेलेत."

"बरं, ऐका. पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला कापड बांधा. जाड. आणि अंधार करा."

"बांधते गं, बांधते. तू लग्नाकडे बघ."

मी परत वेणी धरली. तीन पेड पडले, चार पेड पडले. दर पेडाला माझ्या डोळ्यांपुढे तो उसळत होता. आरशातून शहोदत माझ्याकडे बघत होती.

"आत्या, जाऊ नकोस."

"मी काही म्हणाले का?"

"म्हणाली नाहीस. पण केस ओढतेयस."

मी वेणी पुरी केली, टोकाला रेशमी गोंडा बांधला. आणि उठले.

सोबिर अकांनी मला फाटकाशी गाठलं. आजूबाजूला पाहुणे होते म्हणून आवाज दाबून बोलले, तो जास्त लागला. "बाबांसारखीच आहेस. हुबेहूब. त्यांनी तुला दारात उभं ठेवलं, आता तू तिला ठेव. पुरतं होऊ दे एकदाचं."

"अका, तो मरेल."

"एक लावा मरेल. बाजारात शंभर आहेत." मग अगदी हळू म्हणाले, "तिला आत्या एकच आहे."

मी गेले.

शेअर टॅक्सीत मधल्या सीटवर बसले होते. दोन्हीकडे कापसाची शेतं, वेचणाऱ्या बायकांच्या पाठी. ड्रायव्हर म्हणाला, "आपा, लग्नाचे कपडे घालून लग्नाकडे पाठ फिरवून चाललात?" मी खिडकीकडे तोंड केलं. आणि तिथे, बुवायदाच्या वळणाच्या आसपास, एक विचार आला, तो आजपर्यंत गेला नाही. खालांना मी कापड बांधायला सांगितलं होतं. त्यांनी हो म्हटलं होतं. कदाचित तेवढंच पुरलं असतं. मग मी उठले ती नक्की कशासाठी? ते दार, तो थांबलेला डफ, ती पदराआडची मुलगी; मला ते परत बघवणार नव्हतं, हे मला कालपासून माहीत होतं. फक्त उठायला निमित्त नव्हतं. पाखराने ते दिलं.

आणि बाबांना? त्या संध्याकाळी त्यांनाही?

मला माहीत नाही. त्यांना विचारता आलं असतं अशी एकवीस वर्षं होती. आम्ही चहा प्यायलो.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. करोमत खाला आमच्या तख्तावर बसल्या होत्या, ओढणीचं टोक तोंडात धरून. मला बघून उभ्याही राहिल्या नाहीत.

"बांधलं होतं गं मी कापड. रजईच बांधली."

बांधली होती. पिंजऱ्याच्या वरून, बाहेरून, पोपटाला थंडीत झाकतात तशी. आत, डोक्यावर, तार तशीच होती. बख्शी तळाशी एका कुशीवर पडला होता. टाळूची कातडी मागे सरकली होती, एक डोळा मिटलेला. पिसांवर रक्त वाळून काळं झालं होतं.

"मेलाय?" खालांनी विचारलं.

मी चपान चढवलं, हात आत घातला. तो उसळला नाही. तळव्यावर घेतला, दुसरा हात वरून धरला आणि थांबले. बराच वेळ काही नाही. मग नखाने दार वाजलं. एकदा. मग थांबून दोनदा.

"आहे," मी म्हणाले.

खाला रडायला लागल्या. "मी राजवाडा समजून दिला गं. देवाशप्पथ, राजवाडा समजून."

"माहीत आहे, खाला. घरी जा. तुमची चूक नाही. पोपट तुम्हाला कळतो, हा नाही."

त्या गेल्या. मी तख्तावर बसले, पाय पोटाशी घेतले, बाहीच्या आत दोन्ही हातांत तो. हलायची सोय नव्हती. हात जरा सैल झाले की त्याचं काळीज धावायचं, थोडे घट्ट झाले की श्वास अडकायचा. मूठ मिटायची नाही आणि उघडायचीही नाही, त्या दोहोंच्या मधे कुठेतरी. पाटातलं पाणी वाहत होतं. सावली तुतीवरून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या गुडघ्यावर आली.

सूर्य टेकला तेव्हा समोर ठेवलेला फोन वाजू लागला. पडद्यावर शहोदतचं नाव. निरोपाची वेळ. कुणीतरी तिच्या कानाशी फोन धरला असेल, किंवा तिनेच पदराआड धरला असेल. मला एक दुआ द्यायची होती, दोन तळवे उघडायचे होते. तळवे उघडता येत नव्हते.

फोन वाजत राहिला. थांबला. परत वाजला. बख्शीने मिटलेला डोळा किलकिला केला आणि परत मिटला. मी ओठांनी म्हणाले, सुखी राहा पोरी, सुखी राहा. फोनला ते ऐकू जात नाही. मग तोही गप्प झाला, आणि अंगणात अंधार उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाय असती तर सुई दिली असती. ह्याच्यापेक्षा माझी सुईच मोठी आहे." मग त्यांना लाज वाटली असावी. जखम स्वतः धुतली, पूड दिली आणि दार उघडून देत म्हणाले, "कोंबडीची आहे. पण चालेल."

पंधरा दिवस मी त्याला काडीच्या टोकाने अंड्याचा बलक भरवला. पहाटे कारखान्यात जायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन, संध्याकाळी आल्या आल्या. मुकादम म्हणाला, "जुमरद आपा, घरी तान्हं बाळ आहे की काय?" बायका हसल्या, मग त्यांना माझी गोष्ट आठवली आणि त्या आपापल्या ताण्याकडे वळल्या. मी गाठी बांधत राहिले.

तुर्दिअली अका बघून गेले. भोपळा उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळला. "जगेल. पण आता हा कुणी घेणार नाही. मीसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू? गळा गेला ह्याचा."

"मी दिलाही नसता, अका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे. "होलमतची लेक," बाबांचं नाव घेऊन एवढंच म्हणाले. ते कौतुक होतं की हळहळ, मी विचारलं नाही.

सोबिर अकांनी परत बोलावलं नाही. शहोदतची खोली आता मुनव्वरने शिवणयंत्राला दिली आहे, असं कळलं. शहोदतला मी रोज फोन करत होते, ती उचलत नव्हती. बर्फ पडायला लागल्यावर एकदा तिचाच आला.

"आत्या, तो जगला का?"

"जगला."

"बरं झालं." तिच्याकडे कुठेतरी पेले वाजत होते, नवं घर होतं ते. "ठेवते हं," ती म्हणाली. आणि ठेवलाही.

हिवाळा लांबला. संध्याकाळी मी चपान घालून शेगडीपाशी बसायचे, बाहीत बख्शी. टाळूवर त्याला नवी पिसं आली, ती पांढरी आली. एका डोळ्याने तो माझ्याकडे बघायचा आणि दुसरा मिटलेला असायचा, जसं काही अर्धं जग त्याने आधीच झाकून ठेवलंय. मी बाबांचं गाणं गुणगुणायचे. पुढे कधी तरी त्याला आणखी दोन ओळी जोडल्या गेल्या, माझ्याच:

पाखरा रे पाखरा, दार नाही म्हणू कशी
तुला धरता धरता मीच आत राहिले अशी

मार्चमध्ये जर्दाळू फुलले. एके दिवशी पहाटे, उगाचच, सवयीने, मी भोपळा उचलला आणि बाहेरच्या तुतीला टांगला. पलीकडे चायखान्याच्या समावराचा धूर निघत होता. म्हातारे खाकरत, जांभया देत बसत होते. कुणी वर बघितलं नाही. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. जाळीआड तो दोन पावलं इकडे गेला, दोन पावलं तिकडे. मान ताणली. आणि फुटलेल्या, घोगऱ्या, ओळखू न येणाऱ्या आवाजात म्हणाला, "वव्वाक्."

मी श्वास रोखून थांबले. पुढचं आलं नाही. पांढरी टाळू खाली घालून तो दाणे टिपू लागला.

पलीकडे कुणीच मोजलं नाही. घसा खाकरणं मोजत नाहीत.

"अर्धी," मी म्हणाले. आणि उरलेल्या अर्ध्या हाकेसाठी, कारखान्याला उशीर होईपर्यंत, तिथेच उभी राहिले.